साडेदहा मीटरची गरज, अडीच मीटरची छडी

पर्लकोटा नदीला पूर आला आणि भामरागडचा संपर्क तुटला, ही बातमी विदर्भातल्या वाचकाला नवी नाही. जवळजवळ दर पावसाळ्यात ती एकदा तरी छापून येते. पुलावर पाणी चढतं, रस्ता बंद होतो, वीज जाते आणि विजेमागोमाग मोबाईलचे मनोरे मुके होतात. भामरागड नागपूरपासून सरळ रेषेत अंदाजे अडीचशे किलोमीटरवर आहे. एवढ्या अंतरावरून गाडीत बसलेला एखादा माणूस, मध्ये कुठलाही मनोरा, केबल किंवा उपग्रह न वापरता, गाडीच्याच बॅटरीवर नागपूरशी बोलू शकेल का? हा प्रश्न मला गेली काही वर्षं सोडत नाही.

उत्तर ‘हो’ असंच आहे, आणि ते नवंही नाही. शॉर्टवेव्हवर हौशी रेडिओवाले हे गेल्या शतकापासून करत आले आहेत. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हाही हे लोक आपापले संच घेऊन तिकडे गेले होते. २००४ सालच्या त्सुनामीनंतर अंदमानातून पहिल्या बातम्या बाहेर काढणाऱ्यांत पोर्ट ब्लेअरला योगायोगाने हजर असलेलं एक हौशी केंद्र होतं. अडचण संचाची नाही. आजचा शंभर वॅटचा संच पोळीच्या डब्याएवढा असतो. अडचण आहे ती त्याच्या अँटेनाची, आणि तीही चालत्या गाडीवर.

मी अभियंता नाही. शिक्षण वाणिज्य शाखेचं, पोटापाण्याचा उद्योग हिशेब लिहिण्याचा. हौशी रेडिओची परीक्षा देऊन परवाना घेतला आणि पुढचं सगळं पुस्तकं, तांब्याची तार आणि मोजमाप यांतून जमेल तसं शिकत गेलो. त्यामुळे हा विषय मला आजही जमाखर्चाच्या भाषेतच नीट कळतो. तुम्हालाही तो त्याच भाषेत सांगतो.

आधी शॉर्टवेव्हच का, ते पाहू. पोलीस किंवा वनरक्षकाच्या हातात जो वॉकीटॉकी दिसतो, त्याची लहर सरळ रेषेत जाते. मध्ये डोंगर आला की संपलं. म्हणून उंच जागी पुनःप्रक्षेपक बसवावे लागतात, आणि त्यांना वीज लागते. तीन ते तीस मेगाहर्ट्झच्या लहरींची गोष्ट वेगळी आहे. जमिनीपासून सुमारे तीनशे किलोमीटर उंचीवर, सूर्याच्या अतिनील किरणांनी हवेचे रेणू फुटून विद्युतभारित झालेला थर आहे. तो आयनांबराचा सर्वांत वरचा आणि आपल्या कामाचा भाग. या लहरी त्याच्यावर आपटून परत खाली येतात. अडीचशे किलोमीटरसाठी दिवसा सोयीचा पट्टा म्हणजे ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ. देशभरातले हौशी लोक सकाळी गप्पा मारतात तो हाच.

आता मोजमाप. ७.१ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सव्वाबेचाळीस मीटर. उभी अँटेना या लांबीच्या चौथ्या हिश्शाची असली की ती आपसूक सुरात येते. म्हणजे साडेदहा मीटर, तीन मजली घराएवढी उंची. जमिनीवर जागा असेल तर हा प्रश्नच येत नाही. १९२७ साली हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात शॉर्टवेव्हची ‘बीम’ तारसेवा सुरू झाली. तिचं प्रक्षेपण खडकीहून व्हायचं आणि ग्रहण दौंडला. तिथे उंच मनोऱ्यांवर टांगलेल्या तारांचे पडदे होते, जागा हवी तेवढी होती आणि सरकारही पाठीशी होतं. आमच्याकडे एक जुनी ओम्नी आहे. तिचं टप जमिनीपासून पावणेदोन-एक मीटरवर. त्यावर अडीच मीटरपेक्षा जास्त उंच काही लावलं, तर वाटेतल्या फांद्या, गावातल्या लोंबत्या वीजतारा आणि रेल्वे फाटकावरची उंची दाखवणारी कमान आडवी येते. त्या कमानीपलीकडे पंचवीस हजार व्होल्टची तार आहे. तिच्याशी थट्टा नको. तेव्हा साडेदहा मीटरचं काम अडीच मीटरच्या छडीकडून करून घ्यायचं आहे.

छडी आखूड झाली की पहिली अडचण ही की ती सुरात राहत नाही. अडीच मीटरची छडी आणि गाडीचा पत्रा मिळून एक लहानसा कंडेन्सर तयार होतो. सात मेगाहर्ट्झच्या विजेला तो सुमारे हजार ओहमचा उलटा अडथळा करतो. याला उतारा सोपा आहे. तेवढ्याच ताकदीचं, पण विरुद्ध स्वभावाचं तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, वाटेत बसवायचं. दोघं एकमेकांना खोडतात आणि छडी सुरात येते. बाजारात मिळणारी गाडीवरची प्रत्येक शॉर्टवेव्ह अँटेना, कितीही चकचकीत असो, आतून एवढीच असते: एक छडी आणि एक कॉइल.

खरी अडचण याच्या पुढची आहे, आणि ती मीटरवर दिसत नाही.

अँटेनात शिरलेली वीज तीन खात्यांत वाटली जाते. एक खातं आकाशाचं: जी ऊर्जा लहर होऊन बाहेर पडते ती. दुसरं कॉइलचं: तिची तार तापवण्यात गेलेली. तिसरं भुईचं: गाडीचा पत्रा आणि खालचा रस्ता यांतून परत येताना वाया गेलेली. प्रत्येक खात्याचा वाटा ओहममध्ये मांडता येतो. साडेदहा मीटरच्या उभ्या अँटेनाला आकाशाचं खातं छत्तीस ओहमचं असतं. भुई आणि तार यांनी दहा ओहम खाल्ले तरी बहुतेक रक्कम आकाशात जाते. पण हे खातं उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतं. उंची निम्मी केली की वाटा पाव. अडीच मीटरच्या, बुंध्याशी कॉइल असलेल्या छडीसाठी गणित केलं तर आकाशाचं खातं भरतं एक पूर्णांक चार दशांश ओहम. कॉइल चांगली असली तरी तिचे पाच ओहम. गाडी आणि भुई यांचे मिळून आठ धरा. बेरीज साडेचौदाच्या आसपास, आणि त्यातले आकाशाचे जेमतेम दीड. शंभर वॅट दिले तर बाहेर पडतात दहा. उरलेल्या नव्वदांत रस्ता आणि तार कोमट होतात.

हेच गणित साडेतीन मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर केलं तर शंभरातले दोनसुद्धा हाती लागत नाहीत. उलट चौदा मेगाहर्ट्झवर तीच छडी चाळीसच्या वर देते. गाडीतून परदेशी गप्पा मारणारे हौशी लोक चौदावर खूश का असतात आणि साडेतीनचं नाव का काढत नाहीत, याचं कारण एवढंच.

आता मीटरचं नाटक. संच आणि अँटेना यांचं जुळतंय का हे पाहायला सगळे जण एसडब्ल्यूआर मीटर वापरतात. संचाला समोर पन्नास ओहम दिसले की काटा शांत बसतो आणि माणूसही. पण हे पन्नास ओहम कोणत्या खात्याचे, हे मीटर विचारत नाही. मी एकदा तयार विकत मिळणारी, दीड-दोन मीटरची एक अँटेना एका स्नेह्याच्या गाडीवर मोजली. सात मेगाहर्ट्झवर बुंध्याशी काहीही जुळणी न करता सरळ पन्नास ओहम, आणि सबंध पट्टाभर काटा जवळपास हलतच नव्हता. स्नेही आनंदात. मी मात्र वही काढली. एवढ्या छडीचं आकाशाचं खातं, कितीही उदार व्हायचं म्हटलं, तरी दोन ओहमांच्या वर जात नाही. मग बाकीचे अठ्ठेचाळीस कुठले? बारीक तारेच्या, लांबट, पातळ कॉइलचे. म्हणजे शंभरातले चार वॅट आकाशाला. विकत मिळणाऱ्या सगळ्याच अशा असतात असं नव्हे, पण गाडीवरची आखूड अँटेना काही न करता पन्नास ओहम दाखवू लागली तर संशय घ्यावा हे बरं. चांगल्या अँटेनाला बुंध्याशी पंधरा-वीसच ओहम दिसतात आणि ते पन्नासावर आणायला एक छोटी जुळणीची कॉइल जमिनीकडे लावावी लागते. मीटरवर ती सुरुवातीला वाईटच दिसते.

पट्टाभर काटा न हलणं हीसुद्धा तारीफ नाही. १९४७ साली हॅरोल्ड व्हीलर आणि १९४८ साली एल. जे. चू या दोघांनी लहान अँटेनाच्या मर्यादा गणितात मांडल्या. त्यांचं सार व्यवहारी भाषेत असं: अँटेना लहान हवी, काटकसरी हवी आणि रुंद पट्ट्यावर चालणारीही हवी, तर तीनपैकी दोनच मिळतील. कोणी तिन्ही देतो म्हणाला तर काटकसरीचं खातं तपासावं. माझी छडी एका जागी सुरात आणली की तिथून साठ-सत्तर किलोहर्ट्झच्या पट्टीत काम करते, म्हणजे दोनशे किलोहर्ट्झच्या पट्ट्याचा तिसरा हिस्सा. पुढे सरकायचं तर गाडी थांबवून छडीचं टोक कमीजास्त करा. या त्रासावर अमेरिकेतल्या डॉन जॉन्सन यांनी काढलेला तोडगा हौशी जगात प्रसिद्ध आहे. बॅटरीवर चालणाऱ्या स्क्रूड्रायव्हरची मोटर त्यांनी कॉइलखाली बसवली. बटण दाबलं की कॉइल नळीतून वरखाली सरकते आणि गाडी चालवताचालवता सूर बदलतो. त्या जातीच्या अँटेनाला आजही ‘स्क्रूड्रायव्हर’च म्हणतात.

खर्च कमी कसा करायचा? पहिली गोष्ट कॉइलची जागा. ती बुंध्याशी असेल तर छडीतला प्रवाह टोकाकडे जाताजाता लगेच ओसरतो. तीच मध्यावर नेली तर खालचा अर्धा भाग जवळपास पूर्ण प्रवाह वाहतो आणि आकाशाचं खातं दीडवरून अडीचच्या पुढे जातं. पण वर उरलेली छडी आखूड, तिचा कंडेन्सर लहान, म्हणून कॉइल दुपटीने मोठी लागते आणि तिचा खर्चही वाढतो. फायदा आहे, पण दुप्पट नाही. माझ्या हिशेबात दहाचे चौदा वॅट होतात. छडीच्या माथ्यावर तारांची चाकासारखी टोपी बसवली तर कंडेन्सर मोठा होतो आणि कॉइल लहान चालते. खर्च वाचवण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही. फक्त ती टोपी बाभळीच्या फांदीला अडकते.

कॉइल कशी करावी, याबद्दल पुस्तकांत पुष्कळ आहे. मी इथे माझी सांगतो. नळाची ६३ मिलिमीटरची पीव्हीसी नळी. तिच्यावर सोळा गेजच्या, म्हणजे दीड मिलिमीटरहून किंचित जाड एनॅमलच्या तारेचे बेचाळीस वेढे, दोन वेढ्यांमध्ये तारेच्या जाडीएवढी फट सोडून. लांबी सुमारे तेरा सेंटीमीटर. तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातली. नागपूरला उन्हाळ्यात कूलरच्या आणि पंपाच्या मोटरी जळत राहतात, त्यामुळे ती गल्लोगल्ली मिळते. लांबी व्यासाच्या एक ते दोन पट, तार जाड आणि वेढे मोकळे, एवढं सांभाळलं की कॉइलचा खर्च आठ ओहमच्या आसपास राहतो. सुबक दिसावी म्हणून वेढे चिकटवून गुंडाळले किंवा सगळी कॉइल धातूच्या डब्यात घातली तर खर्च चढतो.

एक सावधगिरी. शंभर वॅटला या कॉइलच्या दोन टोकांत साडेचार हजार व्होल्टच्या वर दाब असतो. छडीला बोट लागलं तर धक्का बसत नाही, भाजतं, आणि आतपर्यंत भाजतं. लहान मुलं जिथे गाडीला हात लावू शकतात तिथे संच बंदच ठेवायचा.

आता भुईचं खातं. छडी ही अँटेनाची एक बाजू, दुसरी बाजू म्हणजे गाडी. पण गाडीचा पत्रा एकसंध असतो हा भ्रम आहे. बॉनेट, मागचं दार, सायलेन्सरची नळी ही सगळी रंगाच्या आणि रबराच्या थरांनी एकमेकांपासून अलग असतात. ती रुंद, विणलेल्या तांब्याच्या पट्ट्यांनी साच्याला जोडली, जोडाखालचा रंग खरवडला, तर बुंध्याशी दिसणारा एकूण रोध उतरतो. माझ्या ओम्नीवर तो चोवीसवरून एकोणीसवर आला. पाच ओहम ऐकायला काहीच नाही, पण बाहेर पडणारी ऊर्जा तेवढ्यानेच पावपट वाढली, आणि खर्च शे-दोनशे रुपयांचा. चुंबकाने टपावर चिकटणारे बूड याच कारणाने मला शॉर्टवेव्हसाठी आवडत नाही. चुंबक आणि पत्रा यांच्यात रंगाचा थर राहतो आणि जोड अर्धवटच होतो. खालची जमीनही भाग घेते. ओली काळी माती कमी खाते, कोरडा मुरूम आणि कातळ जास्त.

इथवर चौदा वॅट जमले. आता ते जातात कुठे, हा प्रश्न, आणि माझ्या मते गाडीवरच्या अँटेनाबद्दल सर्वांत कमी बोलला जाणारा. उभी छडी आपली ऊर्जा आडव्या दिशेने, क्षितिजाकडे फेकते. डोक्यावर सरळ वर ती काहीच फेकत नाही. भामरागडहून निघालेली लहर तीनशे किलोमीटर उंचीवर, दोन्ही गावांच्या मध्यावर आपटून नागपूरला यायची, तर ती जमिनीशी सदुसष्ट अंशांचा कोन करून निघायला हवी. म्हणजे जवळपास डोक्यावर. त्या दिशेला छडीचा जोर क्षितिजाच्या मानाने पंधरा टक्के. चौदा वॅटचे दोन झाले.

गंमत अशी की अंतर कमी केलं तर हे आणखी बिघडतं. हे मी वहीत मांडलं होतं, पण पटलं ते रस्त्यावर. एका जानेवारीत नागपूरला घराच्या गच्चीवर आडवी तार बांधून एक मित्र ऐकत बसला आणि मी उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, गडचिरोली असा आलापल्लीपर्यंत गेलो. उमरेडपर्यंत जमिनीलगत सरपटत येणारी लहर पोचत होती. तिथून ती विरत गेली आणि भिवापूरच्या आसपास माझा आवाज गोंगाटात जवळजवळ बुडाला. तिथून वरची वाट धरायची तर कोन पंचाऐंशी अंशांचा, आणि त्या दिशेला छडी एक टक्कासुद्धा देत नाही. ब्रह्मपुरीनंतर आवाज सुधारू लागला. गडचिरोलीला बरा आणि आलापल्लीला त्याहून बरा. घरापासून जितकं दूर जावं तितकं चांगलं ऐकू येतंय, हे मित्राला फोनवर पटवणं अवघड गेलं.

दोन वॅट पुरतात का? बरेचदा पुरतात, आणि याचं श्रेय नागपूरच्या जागेला आहे. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. थुंब्याची जागा अग्निबाणांसाठी निवडली ती याचमुळे. तिथे वर उचलले गेलेले इलेक्ट्रॉन कारंज्यासारखे दोन्ही बाजूंना खाली सांडतात आणि उत्तरेकडे त्यांचा ढीग साधारण अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात पडतो. नागपूर त्या ढिगाच्या उतारावर आहे. त्यामुळे आपल्या डोक्यावरचा थर दिवसा दाट असतो आणि सरळ वर फेकलेली सात मेगाहर्ट्झची लहरही तो परत पाठवतो. युरोपात याच कामाला अनेकदा खालचे पट्टे धरावे लागतात. ऐन दुपारी खालचा एक थर लहर शोषून घेतो, तेव्हा सकाळी नऊ-दहा आणि दुपारी चारनंतरची वेळ चांगली.

मध्यरात्रीनंतर मात्र वरचा थर पातळ होत जातो आणि पहाटेच्या आधी सात मेगाहर्ट्झची लहर त्यातून आरपार निघून जाते. मग साडेतीन मेगाहर्ट्झ हवेत, म्हणजे छडीचे शंभरातले दोन टक्केही नव्हेत. वर पावसाळ्यात त्या पट्ट्यावर विजांचा कडकडाट. पूर तर रात्री बघून येत नाही असं नाही. याला गाडीवरची कोणतीही छडी उत्तर देत नाही, हे मी स्पष्ट लिहितो. गाडी उभी असेल तर छडी विसरावी आणि डिकीतून चाळीस मीटर तार काढून दोन झाडांना अडीच-तीन मीटर उंचीवर आडवी बांधावी. इतकी खाली बांधलेली तार जमिनीत पुष्कळ ऊर्जा घालवते, पण उरलेली सरळ वर फेकते, आणि आपल्याला तेच हवं आहे. ज्यांच्याकडे वेळ किंवा पैसा यांपैकी एकच गोष्ट आहे, त्यांना माझा सल्ला या तारेचा. तिला दोनशे रुपये पडतात.

पण चालत्या गाडीचं काय? सैन्याच्या जीपवर लांब छडी मागे वाकवून दोरीने बांधलेली तुम्ही चित्रांत पाहिली असेल. ती फांद्या चुकवण्यासाठी असते, आणि वरच्या दिशेला थोडा जोर मिळावा म्हणूनही. मी ते करून पाहिलं. भिवापूरचा खड्डा थोडा भरतो, पण वाकलेल्या छडीचं आकाशाचं खातं आणखी आटतं.

म्हणून मी कड्याकडे वळलो. एक मीटर व्यासाचं, बावीस मिलिमीटरच्या तांब्याच्या नळीचं उभं कडं, वरच्या फटीत फिरवता येणारा कंडेन्सर. उभं कडं आपल्या पातळीत सगळ्या दिशांना सारखंच फेकतं, डोक्यावरसुद्धा. याचं गणित पाहून मी प्रथम पुस्तकात छपाईची चूक असावी असंच समजलो. कड्याचं आकाशाचं खातं सात मेगाहर्ट्झवर एका ओहमचा सहा हजारांश. ओहमही नाही, मिलिओहम: सहा. पण नळी जाड असल्यामुळे तिचा स्वतःचा खर्चही फक्त बत्तीस मिलिओहम. कंडेन्सर आणि जोड यांचे दहा-बारा धरले तरी शंभरातले बारा वॅट बाहेर पडतात. छडी चौदा देत होती हे खरं, पण तिचे सदुसष्ट अंशांवर दोन उरत होते. कड्याचे तिथेही बारा. म्हणजे भामरागडच्या दिशेला सहापट.

या मिलिओहमांच्या जगात सगळी इमानदारी जोडांवर येते. स्क्रूने आवळलेला, किंचित काळवंडलेला एक जोड वीस मिलिओहम सहज घेतो आणि बारा वॅटचे आठ होतात. म्हणून कड्यात एकही स्क्रूचा जोड नको, सगळं चांदीच्या मिश्रधातूने झाळलेलं हवं. ते काम मी इतवारीतल्या एका भांड्यांच्या कारागिराकडून करून घेतलं. त्याने कंडेन्सरच्या पट्ट्या नळीला इतक्या सफाईने झाळल्या की जोड बोटाला लागत नाही. हे कशासाठी, असं त्याने विचारलं. बोलायला, म्हटल्यावर पुढे काही विचारलं नाही.

कड्याचे दोष मोठे आहेत. शंभर वॅटला त्यातून पंचेचाळीसच्या वर अँपिअर फिरतात आणि कंडेन्सरवर पाच हजार व्होल्ट. हे सगळं माणसांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. म्हणून चालत्या गाडीत मी वीस वॅटच्या वर जात नाही. हिशेब केला तर कड्याचे वीस त्या दिशेला छडीच्या शंभराएवढंच पोचवतात, आणि बॅटरीवरचा भार पाचवा हिस्सा. शिवाय सूर इतका अरुंद की काही किलोहर्ट्झ सरकलं तरी कंडेन्सर फिरवावा लागतो. त्याला मी मंद गतीची मोटर जोडली आहे. भिवापूरला आता आवाज जातो.

ऐकण्याची बाजू यात आलीच नाही, आणि अर्ध्या तक्रारी खरं तर तिच्याच असतात. गाडीचं इंजिन, अल्टरनेटर, पेट्रोलचा पंप आणि हल्ली एलईडीचे दिवे व मोबाईलचे चार्जर हे सगळे आपापला गोंगाट करतात. ही कटकट जुनी आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेला १९०४च्या सुमारास अलिबागला बिऱ्हाड हलवावं लागलं. गाडीला आपलं इंजिन सोडून जाता येत नाही, तेव्हा फेराइटची कडी वायरींवर चढवायची, स्वस्त चार्जर काढून टाकायचा, आणि महत्त्वाचं ऐकायचं असेल तर रस्त्याच्या कडेला इंजिन बंद करायचं.

सरकारी यंत्रणांकडे आता उपग्रह फोन असतात आणि पुराच्या वेळी पहिलं काम तेच करतील. खासगी माणसाला ते सहजी बाळगता येत नाहीत. परवाना, शंभर वॅटचा संच आणि घरी केलेली अँटेना मात्र त्याच्या आवाक्यात आहे. विदर्भात असे पंधरा-वीस जण गाडीसकट तयार असावेत असं मला वाटतं. त्यांची अँटेना कोणती, यापेक्षा ती मोजलेली आहे का, हे मी आधी विचारेन.

मृगाच्या आधी एका रविवारी मी ओम्नीवरचे सगळे जोड उघडतो. तांब्याच्या पट्ट्यांखाली गंज धरलेला असतोच. तो घासून काढतो, पातळ ग्रीस लावून पुन्हा आवळतो आणि बुंध्याचा रोध वहीत लिहितो. गेल्या वर्षी तो एकवीस झाला होता. मागच्या दाराची पट्टी तुटली होती.